ब्रेलचा प्रोग्राम काढून टाकण्याचा सल्ला चुकीचा आहे

रावेर-यावलच्या केळीबागांसाठी मातीतला ओलावा मोजून ठिबक चालूबंद करणारी यंत्रणा बनवणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांमध्ये एक सल्ला फिरतो आहे: ‘उबुंटू २२.०४ वर आर्डुइनोचा पोर्ट दिसत नसेल, तर बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम काढून टाका. तो बोर्ड निकामी करतो आणि कोणाच्याच उपयोगाचा नाही.’ आर्डुइनो म्हणजे यंत्रणा चालवणारा छोटा नियंत्रक बोर्ड, उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली संगणकप्रणाली आणि बीआरएलटीटीवाय हा ब्रेल यंत्रे चालवणारा प्रोग्राम. अडचण खरी आहे. केबल जोडल्यावर पोर्ट, म्हणजे बोर्डाशी बोलण्याची वाट, क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. सांगितलेले कारण मात्र चुकीचे आहे आणि उपाय अन्यायाचा आहे.

बोर्ड निकामी होत नाही. प्रत्येक यूएसबी उपकरण संगणकाला निर्मात्याचा आणि उत्पादनाचा असे दोन क्रमांक सांगते. स्वस्त बोर्डांवरची यूएसबी जोडणी सांभाळणारी सीएच३४० चिप १ए८६ आणि ७५२३ हे क्रमांक सांगते, आणि झूमॅक्स कंपनीचा २० घरांचा (एका वेळी २० ब्रेल अक्षरे दाखवणारा) ब्रेल ई-रीडरही तेच क्रमांक सांगतो. क्रमांक चिपचा असतो, तिच्यामागे काय जोडले आहे ते त्यावरून कळत नाही. बीआरएलटीटीवाय तेवढ्यावरून ब्रेल यंत्र आल्याचे मानून जोडणी ताब्यात घेतो, तेव्हा लिनक्सचा नेहमीचा ड्रायव्हर सुटतो आणि पोर्ट जातो. केवळ सामायिक क्रमांकावर विसंबणारा नियम सदोष आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

‘कोणाच्याच उपयोगाचा नाही’ हे विधान मात्र मला फार खटकते. हा प्रोग्राम पडद्यावरचा मजकूर ब्रेल डिस्प्लेच्या वरखाली होणाऱ्या टिंबांत उमटवतो आणि अंध व्यक्ती तो बोटांनी वाचते. ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्याला बोलणाऱ्या संगणकाचाही आधार नसतो. त्याच्यासाठी ही टिंबे हाच पडदा. यंत्र आपोआप ओळखले जावे लागते, कारण ते सुरू करण्याचा मेनू वाचायलाच आधी ते सुरू असावे लागते. प्रयोगशाळेच्या सामायिक संगणकावरून प्रोग्राम काढला, तर पुढे येणाऱ्या, ब्रेलवरच विसंबलेल्या अंध विद्यार्थ्याला डिस्प्ले का चालत नाही हे वाचण्याचेही साधन उरत नाही.

काढून टाकण्याची गरजही नाही. जोडलेली उपकरणे ओळखणाऱ्या युडेव्ह या लिनक्सच्या भागाच्या नियमांतील ८५-बीआरएलटीटीवाय या फाईलची प्रत त्याच नावाने ईटीसी (/etc) या सेटिंगच्या फोल्डरखालील युडेव्हच्या नियमांच्या फोल्डरात ठेवावी, तिच्यात १ए८६ आणि ७५२३ असलेल्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह घालावे, नियम पुन्हा वाचायला लावून केबल काढून जोडावी. ईटीसीतील प्रतीला प्राधान्य मिळते, त्यामुळे अपडेटने मूळ फाईल बदलली तरी हा बदल टिकतो. सीपी२१०२ या दुसऱ्या यूएसबी चिपच्या बोर्डांनाही हाच त्रास होऊ शकतो. तिथे १०सी४ आणि ईए६० ची ओळ चालू असेल, तर ती अशीच बंद करावी. बाकीचे ब्रेल डिस्प्ले पूर्वीसारखेच आपोआप ओळखले जातात, आणि याच चिपचा डिस्प्ले वापरणाऱ्यासाठी त्याचा ड्रायव्हर बीआरएलटीटीवायच्या सेटिंगच्या फाईलमध्ये नावाने नोंदवता येतो. ज्यांनी प्रोग्राम आधीच काढला आहे, त्यांनी तो पुन्हा बसवून एवढा बदल करावा.