सेफ्टीने नेमकं काय धरायचं? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

रायफलीच्या सेफ्टीबद्दल, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेल्या खटक्याबद्दल, मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की बोल्टवरची (काडतूस आत ढकलून चेंबर बंद करणाऱ्या दांड्यावरची) तीन टप्प्यांची सेफ्टी ही चैन आहे, चापाबरोबर येणारी साधी सेफ्टी पुरते, खरी सेफ्टी म्हणजे चापापासून लांब ठेवलेलं बोट. आणि शिकार बंद असलेल्या देशात हा विषय हवाच कशाला?

शेवटचं आधी घेतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली, ते योग्यच झालं. पण रायफली घरातून गेल्या नाहीत. निफाड, दिंडोरीकडे आजोबांची रायफल नातवाच्या लायसन्सवर आलेली दिसते. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायला ती कपाटातून निघते आणि भरलेली आहे का हे घरातच कुणीतरी बघतं. मला काळजी आहे ती त्या दोन मिनिटांची.

बोटाचं तुमचं शंभर टक्के खरं. पण चापाची सेफ्टी फक्त चाप किंवा सिअर (स्ट्रायकरला अडवून धरणारा आतला खटका) अडवते. ताणलेल्या स्प्रिंगचा स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर आपटून ते उडवणारी सुई, सिअरच्या बारीकशा कडेवरच टेकलेला राहतो. कुणी चाप हलका करून घेतला, ती कड झिजली किंवा जुनं तेल आत चिकट झालं, की चापाला बोट न लावताही स्ट्रायकर सुटू शकतो. माउझर ९८ या जुन्या जर्मन रायफलीच्या बोल्टमागचा पंखा, म्हणजे तिची सेफ्टी, फिरवला की तो स्ट्रायकरलाच मागे ओढून सिअरवरून उचलून धरतो. फरक आहे तो एवढाच, आणि माझ्या मते फार मोठा आहे.

तीन टप्पे म्हणजे सेफ्टी काढलेली, मधला, आणि पूर्ण लावलेली. मधला टप्पा चैनीचा नाही. त्यात स्ट्रायकर अडकलेला असतानाच बोल्ट उघडतो, म्हणजे सेफ्टी न काढता काडतूस बाहेर येतं. रेमिंग्टन ७०० या अमेरिकन रायफलीत १९८२पर्यंत सेफ्टी लावली की बोल्टही बंद व्हायचा. रिकामी करायची तर आधी सेफ्टी काढा! आपल्याकडची .३१५ बोअरची रायफल ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घाटाची. तिची डावीकडची सेफ्टी स्ट्रायकर घट्ट धरते, पण बोल्टही धरते. तिथे नळीची दिशा आणि तुमचा बोटाचा नियम, एवढाच आधार.

माउझरवर दुर्बीण नळीच्या अगदी लगत बसवली की उभा पंखा तिला अडतो. म्हणून नव्याने बांधून घेताना मी विंचेस्टर मॉडेल ७० या अमेरिकन रायफलीसारखा, आडवा फिरणारा खटका सुचवला. १९३६पासूनची ही रचना स्ट्रायकरलाच धरते. खर्च होतो, मान्य. तो सुट्या भागापेक्षा कानस लावून नीट बसवण्याचा जास्त असतो, आणि तिथे काटकसर करू नका.

गेल्या दिवाळीत ओझरला मित्राची रायफल बघितली. सेफ्टी चापावरची. चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) करंगळी घालून रिकामी असल्याची खात्री केली, बोल्ट बंद केला, सेफ्टी लावली, चाप दाबून सोडला. मग चापाला हात न लावता सेफ्टी पुढे ढकलली, म्हणजे काढली. टक्! स्ट्रायकर आपोआप पडला. पलीकडच्या खोलीत त्याची मुलगी रांगोळीचे रंग कालवत होती. चाप कधीतरी कुणाकडून हलका करून घेतला होता, हे मग त्याला आठवलं.

दादा, हीच तपासणी तुमच्या रायफलीवर करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, नळी जमिनीकडे धरून. बोल्टवरची सेफ्टी असली तरी करा. ती नीट बसवलेली नसेल तर तीही अशीच दगा देते. टक् आवाज आला तर एकाही स्क्रूला हात लावू नका. तशीच रिकामी लायसन्सधारक गनस्मिथकडे न्या, आणि तो काय म्हणाला ते इथे जरूर लिहा.