डॅनफोर्थच्या ग्रीक उत्सवाला जाणाऱ्यांस हितोपदेश

टोरांटोच्या डॅनफोर्थ ॲव्हेन्यूवर 1994 साली सुरू झालेल्या ‘टेस्ट ऑफ द डॅनफोर्थ’ या ऑगस्टमधल्या उत्सवाला आपण सहकुटुंब जाणार असाल, तर सर्वप्रथम मोटार बाहेर काढावी. चेस्टर आणि पेप ही भुयारी रेल्वेची स्थानके अगदी उत्सवाच्या दारात आहेत खरी. परंतु वाहनांना बंद केलेल्या रस्त्याभोवती पार्किंग शोधत तासभर प्रदक्षिणा घातल्याखेरीज दर्शनाचे पुण्य पदरी पडत नाही.

पोहोचताच दिसेल त्या रांगेत उभे राहावे. रांग कशाची आहे हे मागाहून कळतेच. निखाऱ्यांवर सुव्लाकीच्या काड्या उलटताना ज्याच्या कपाळावरून घाम ओघळतो आहे, त्या माणसाला मागची माणसे ताटकळत असताना ‘हे डुक्कर की कोंबडी, आणि तवा वेगळा आहे ना?’ असे सविस्तर विचारावे. पालक आणि फेटा चीजचा स्पॅनाकोपिटा हाती आल्यावर ‘आपल्या पॅटिसची सर नाही’ हा निकाल तोंड भरलेले असतानाच द्यावा. मधात घोळवून वर दालचिनी भुरभुरलेले गरम लुकुमादेस म्हणजे गुलाबजामच, असे मुलांना ठणकावून सांगावे, म्हणजे त्यांच्या ज्ञानात भर पडण्याचा धोका उरत नाही.

लोगन ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर सिकंदराचा पुतळा आहे. तेथे पोरसाची गोष्ट सांगावी, शक्यतो पोरस जिंकतो ती.

नृत्याच्या वेळी मात्र विशेष दक्षता हवी. कालामातियानोस नाचताना हातात हात गुंफून साखळी करतात आणि त्याचे सात मात्रांचे आवर्तन तीन-दोन-दोन असे, म्हणजे थेट आपल्या रूपक तालासारखे पडते. ज्यांच्या आईवडिलांनी तबल्याच्या क्लासची फी भरली होती, त्यांचा पाय आपोआप हलू लागण्याची, क्वचित साखळीत शिरण्याचीही भीती असते. अशांनी मंचाकडे पाठ करून सेल्फी काढावी.

एवढे करूनही एखादे वृद्ध ग्रीक गृहस्थ 1918 च्या ऑगस्टचा विषय काढतीलच. त्या महिन्यात याच शहरात युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या पुढाकाराने जमावांनी ग्रीकांची उपाहारगृहे फोडली होती; ग्रीक लोक लढाईतून अंग काढून घेतात असा त्यांच्यावर राग होता, आणि ग्रीस तर 1917 सालीच दोस्तांच्या बाजूने युद्धात उतरला होता. हे ऐकताना घड्याळाकडे पाहत राहावे. दूरदेशी येऊन पोट भरणाऱ्यांच्या दुकानांवर दगड पडल्याच्या हकिगती, याच देशात येऊन बिऱ्हाड थाटलेल्या आपल्यासारख्यांना काय कामाच्या? त्यांना मध्येच, अर्थात अत्यंत आदराने, थांबवून बकलावा कोणत्या स्टॉलवर स्वस्त मिळेल एवढे तेवढे विचारून घ्यावे.