खासी पोस्टरवर हॉर्नबिल कशाला?

डिझाइनवाल्यांच्या ग्रुपमध्ये एक मेसेज फिरतोय. सार असं की नॉर्थईस्टचं पोस्टर आलं की हॉर्नबिल म्हणजे धनेश पक्षी, भाला, पिसं टाका, मेघालयातले खासी काय नि नागा काय सगळं ट्रायबलच. खासींना तर लिपीही नव्हती, मग त्यांची स्वतःची चित्रभाषा कुठून असणार. आणि कॉपीराइट नाही, उलट त्यांचंच प्रमोशन होतं.

हॉर्नबिलचं आधी उरकतो. ती पिसं नागांच्या शिरपेचातली, नागा भाषा तिबेटो-बर्मन कुळातल्या नि खासी ऑस्ट्रोएशियाटिक. पुण्याच्या पोस्टरवर कथकली छापल्यासारखं आहे हे.

आता लिपी. वेल्श मिशनरी थॉमस जोन्स सोहराला, म्हणजे चेरापुंजीला, आला 1841 मध्ये, आणि खासी रोमन अक्षरांत लिहायची पद्धत त्याने बसवली, बरोबर. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे कुळाच्या आठवणीत दगड उभे करतात आणि त्या दगडांना चक्क व्याकरण आहे राव! मागे उभे दगड, बहुतेक विषम संख्येत, तीन किंवा पाच, मधला सगळ्यात उंच, ते पुरुषांचे, म्हणजे मुख्यतः मामाचे. आणि पुढ्यात आडवा सपाट दगड, तो कुळाच्या आद्य आजीचा. आता आपला डिझायनर काय करतो, तर लोगोत 'क्लीन' दिसावं म्हणून आडवा दगड क्रॉप करतो नि फक्त उभे ठेवतो. जिथे कुळाचं नाव आईकडून चालतं, घर धाकट्या मुलीकडे जातं, तिथे आजीलाच फ्रेमबाहेर काढलं की हो तुम्ही! ही चित्रभाषा नाही तर काय आहे?

कॉपीराइटबद्दल अर्धं खरं आहे, जुन्या लोकचिन्हांवर तो सहसा लागत नाही. पण चिन्ह बेवारस आहे असं नाही ना. कोंबडाच घ्या. रुसून गुहेत लपलेल्या सूर्याला परत आणणारा हा कोंबडा, 1899 ला सुरू झालेल्या सेंग खासीचं, म्हणजे मूळ धर्म जपणाऱ्या संस्थेचं, चिन्ह आहे, तो तुम्ही चिकन रोलच्या पाकिटावर छापणार आणि वर प्रमोशन म्हणणार?

प्रमोशनच करायचंय तर शिलाँगमध्ये इलस्ट्रेटर आहेत, त्यांना काम द्या, पैसे द्या, क्रेडिट लाइनमध्ये नाव टाका. बजेट नसेल तर निदान फायनल पाठवण्याआधी एखाद्या खासी माणसाला दाखवा, आडवा दगड कुठे गेला ते तो लगेच विचारेल.