मोबाइलचा टोन सोडला की झालं कॅलिब्रेशन?

ध्वनिपातळीचा मीटर बरोबर दाखवतो ना, हे पाहायला त्याच्या मायक्रोफोनवर कॅलिब्रेटर बसवतात, म्हणजे ठरलेल्या पातळीचा टोन देणारं छोटं उपकरण. ध्वनिपातळी मोजणाऱ्यांमध्ये त्याबद्दल एक सल्ला बराच फिरतो आहे: 'नव्या कॅलिब्रेटरवर पैसे घालू नका. बाहेरून सिग्नल घेणारा जुना कॅलिब्रेटर मिळवा, मोबाइलमधून 1 किलोहर्ट्झचा टोन द्या, मीटरवर 94 डेसिबल दिसेपर्यंत आवाज वाढवा. मग वारंवारता बदलत गेलात की अख्खा मीटर तपासून होतो.'

बाहेरून सिग्नल देण्यात मुळात काही गैर नाही. अमेरिकेच्या जनरल रेडिओ कंपनीचा 1552 हा जुना कॅलिब्रेटर म्हणजे मायक्रोफोनवर बसवायचा एक छोटा स्पीकरच होता. त्याला ऑसिलेटर, म्हणजे टोनचा सिग्नल तयार करणारं उपकरण, वेगळा लागायचा. पण किती व्होल्ट दिले की किती डेसिबल मिळतील, हे कंपनीने ठरवून दिलेलं असे. सल्ल्यात नेमकं तेच गाळलंय.

'मीटरवर 94 दिसेपर्यंत वाढवा.' म्हणजे ज्या मीटरवर शंका आहे, त्याच्याच सांगण्यावरून टोन लावायचा आणि मग त्या टोनने मीटर पास करायचा! मीटर 3 डेसिबल कमी दाखवत असेल, तर कॅलिब्रेटरच्या पोकळीत, म्हणजे मायक्रोफोन बसतो त्या बंद जागेत, 97 होतील आणि पडद्यावर 94. आपलं घड्याळ बघून भिंतीवरचं लावायचं आणि मग दोन्ही जुळतात म्हणून खूश व्हायचं, असा हा प्रकार. 94 डेसिबल म्हणजे जवळजवळ 1 पास्कल दाब. तो दाब मीटरला न विचारता माहीत असला पाहिजे. कॅलिब्रेटरचे पैसे त्याचेच असतात.

मग व्होल्टेज मोजून देऊ, असं कुणी म्हणेल. जरूर द्यावं, पण सांभाळून. कागदावर 2 व्होल्ट आरएमएस (म्हणजे परिणामी मूल्य) लिहिलेलं असताना ऑसिलोस्कोपवर शिखर ते शिखर 2 व्होल्ट लावले, तर पातळी थेट 9 डेसिबलने घसरते. 2 ऐवजी 1.8 व्होल्ट गेले तरी 0.9 डेसिबलचा फटका बसतो, आणि पहिल्या वर्गाच्या (क्लास 1, म्हणजे जास्त अचूक) कॅलिब्रेटरला अर्ध्या डेसिबलचीही सूट नसते. स्वस्त मल्टिमीटरच्या एसी मापनाची हमी बऱ्याचदा 400 हर्ट्झच्या आसपास संपते, तेव्हा 1 किलोहर्ट्झवरच्या त्याच्या आकड्यावर किती विसंबायचं? मोबाइलचं तर विचारूच नका: इक्वलायझर चालू, आवाजाच्या पायऱ्या ठरीव, आणि प्रत्येक हँडसेटचं आउटपुट निराळं.

'वारंवारता बदला, सगळा मीटर तपासून होतो.' नाही होत. 1 किलोहर्ट्झ निवडतात कारण तिथे ए, सी आणि झेड ही तिन्ही भारणं (कुठल्या वारंवारतेला मीटरने किती वजन द्यायचं, याचे ठरलेले फिल्टर) शून्यावर असतात, म्हणजे आकड्यात काही वाढवत-घटवत नाहीत. टोन 250 हर्ट्झवर नेला की ए-भारणावर चांगला मीटरही 8.6 डेसिबल कमी दाखवतो, आणि लोक त्याला बिघाड समजून स्क्रू फिरवतात. शिवाय त्या स्पीकरचा प्रतिसाद सगळीकडे सारखा नसतो. खालच्या वारंवारतांना सीलमधली बारीकशी गळती दाब खाऊन टाकते. वर 8 किलोहर्ट्झला ध्वनीची तरंगलांबी जेमतेम 4.3 सेंटिमीटर उरते, आणि पोकळीत सगळीकडे दाब एकसारखा आहे हे गृहीतकच मोडतं. अनेक वारंवारतांवर तपासायचं तर त्यासाठीच बनवलेली उपकरणं आहेत: जनरल रेडिओचाच 1562 हा 125 ते 2000 हर्ट्झच्या दरम्यान पाच वारंवारता देतो.

'कुठलाही मायक्रोफोन चालतो' अशीही एक पुस्ती जोडलेली असते. पाव इंची, अर्धा इंची, एक इंची: मायक्रोफोन बदलला की पोकळीचं आकारमान बदलतं आणि दाबही. अडॅप्टर आणि त्यासाठी आकड्यात करायची दुरुस्ती माहीत नसेल तर आकडा नुसता दिसायला बरा.

बाहेरच्या सिग्नलची खरी जागा दुसरीकडे आहे. मायक्रोफोन काढून त्याच्या धारकतेइतका (कपॅसिटन्सइतका) कपॅसिटर लावायचा आणि त्यातून प्रीअॅम्प्लिफायरला, म्हणजे मायक्रोफोनच्या लगेच मागच्या वर्धकाला, सिग्नल द्यायचा. भारणं आणि पातळीची रेषीयता (सिग्नल जितका वाढवला तितकाच आकडा वाढतो का) अशीच तपासतात. त्यात मायक्रोफोन मात्र तपासला जात नाही. त्यासाठी प्रत्येक मोजणीच्या आधी आणि नंतर, प्रमाणपत्र असलेला कॅलिब्रेटर बसवून मिळालेला आकडा वहीत लिहायचा.