करमुक्त न्यासाच्या हिशेबाला उत्तरदायी कोण?

महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांच्या विश्वस्तांमध्ये एक संदेश मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. न्यास करमुक्त असल्याने आयकर विवरणपत्राची गरज नाही, धर्मादाय कार्यालयात हिशेब दिला की पुरे, आणि विश्वस्तपद मानद असल्याने चूक झालीच तर ती सीएची, असे त्यात म्हटले आहे. तिन्ही विधाने चुकीची आहेत. त्यांतले तिसरे मला सर्वांत घातक वाटते.

पहिले विधान घेऊ. करसवलत न्यासाला आपोआप मिळत नाही. मार्च 2026 पर्यंतच्या उत्पन्नाला लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्यानुसार कलम 12एबी खाली नोंदणी हवी, आणि उत्पन्नापैकी किमान 85 टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करावी किंवा तेवढी जमत नसल्यास रीतसर अर्ज भरून ठराविक कामासाठी राखून ठेवावी लागते. सवलत न धरता मोजलेले उत्पन्न करपात्र मर्यादेपलीकडे गेले की आयटीआर-7 हे न्यासांसाठीचे आयकर विवरणपत्र भरणे बंधनकारक होते. ते मुदतीत भरणे ही कलम 12ए मध्ये सवलतीचीच अट आहे. म्हणजे विवरणपत्र टाळणारा न्यास करमुक्तताच गमावतो.

दुसऱ्या विधानात दोन वेगळ्या कायद्यांची गल्लत झाली आहे. धर्मादाय कार्यालयाला दिलेला ताळेबंद आणि जमाखर्च 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली जातो. आयकर खात्याला 10बी किंवा 10बीबी हा लेखापरीक्षण अहवाल स्वतंत्रपणे द्यावा लागतो.

आता सीएबद्दल. लेखापरीक्षक अहवालावर सही करतो, परंतु विवरणपत्रातील माहिती खरी असल्याची ग्वाही न्यासाच्या वतीने विश्वस्तच देतो. हिशेब किंवा विवरणपत्रे देण्यात वारंवार कसूर करणाऱ्या विश्वस्ताला 1950 च्या कायद्यातील कलम 41ड खाली निलंबित करण्याचा वा काढून टाकण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना आहे, आणि त्या कलमात मानद विश्वस्तांना वगळलेले नाही. ज्येष्ठांचा मान राखून कोऱ्या कागदावर सही करण्याची आपल्या संस्थांमधली पद्धत म्हणूनच थांबली पाहिजे.

शिवाय या हलगर्जीचा फटका देणगीदारालाही बसतो. 1961 च्या आयकर कायद्यातील 80जी मान्यता (जिच्यामुळे देणगीदाराला देणगीवर करवजावट मिळते) असलेल्या न्यासाने वर्षभरातील देणग्यांचे 10बीडी विवरण 31 मेपर्यंत सादर करायचे असते. उशिराच्या प्रत्येक दिवसाला 200 रुपये शुल्क लागते आणि त्याखेरीज 10,000 ते 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे विवरण गेल्याशिवाय देणगीदाराला द्यायचे 10बीई हे देणगी प्रमाणपत्र निघत नाही, त्यामुळे जुन्या करप्रणालीत वजावट मागणाऱ्या देणगीदाराच्या हाती न्यासाची पावती असूनही त्याचा दावा अडतो. विश्वस्तांनी जूनच्या बैठकीत 10बीडीची आणि नोव्हेंबरच्या बैठकीत आयटीआर-7 ची पोचपावती स्वतः पाहून तशी नोंद इतिवृत्तात करावी.