कडूपणावरून ताजेपणा कळत नाही

दसऱ्यापासून नागपुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. ‘फ्रेश हॉप बिअर कशी ओळखावी’ असं त्याचं शीर्षक. हॉप म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं; ती नुकती खुडलेली असताना वापरली की झाली फ्रेश हॉप बिअर. खाली पाच खुणा: जितकी कडू तितकी ताजी, ताजी हॉप वाळवलेल्या हॉपपेक्षा केव्हाही सरस, गढूळ असेल तीच अस्सल, बर्फगार करूनच प्यावी, आणि वर्षभर जपून ठेवली तर आणखी मुरते. पाचही खुणा चुकीच्या आहेत. त्यांवर विसंबून लोक वर्षातून एकदाच मिळणारी उत्तम बिअर ‘ही कडूच नाही’ म्हणून बाजूला सारतात, हे मला मनापासून लागतं.

आधी कडूपणाचं. हॉपच्या मादी वेलीच्या फुलांत पिवळ्या भुकटीसारख्या ग्रंथी असतात. त्यांत राळ असते आणि सुगंधी तेलही असतं. राळेतली अल्फा आम्लं माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, उकळत्या रसात तासभर राहिली की त्यांचं रूप पालटतं आणि बिअरमध्ये कडूपणा उतरतो. म्हणजे कडूपणा ठरतो तो हॉपच्या जातीवर आणि उकळण्याच्या वेळेवर. फूल कधी खुडलं याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. उलट ओल्या फुलांत आम्ल किती हे मोजत बसायला वेळच नसतो. म्हणून बरेच ब्रूअर कडूपणापुरती वाळवलेली हॉप वापरतात आणि ओली फुलं शेवटी टाकतात, वासासाठी. संत्रं सोलताना सालीतून तुषार उडतो तो तेलाचा. कडू लागतो तो आतला पांढरा पापुद्रा. पापुद्रा चावून संत्र्याची पारख नागपुरात कोणी करत नाही. बिअरच्या परीक्षकांची बीजेसीपी ही संस्था ५० पैकी १२ गुण वासाला देते आणि २० चवीला. कडूपणा हा त्या विसातला एक भाग, तोही माल्टच्या गोडीशी जुळतो का, हे पाहून.

‘ताजी केव्हाही सरस’ हे तर ताजी मेथी कसुरी मेथीपेक्षा सरस म्हणण्यासारखं झालं. दोन्हींची कामं वेगळी. ओल्या हॉपमध्ये साधारण ८० टक्के पाणी असतं, त्यामुळे वाळवलेल्या हॉपच्या चार ते सहा पट वजन लागतं. खुडलेल्या फुलांचा ढीग आतून तापतो आणि लवकर बिघडतो. म्हणूनच ती २४ तासांच्या आत ब्रुअरीत पोचवायची धडपड असते. भट्टीत वाळवताना मिरसीनसारखी हलकी तेलं बरीच उडून जातात, ती ओल्या फुलांत टिकलेली असतात. नुकतं कापलेलं गवत, काकडीची साल, चुरडलेलं हिरवं पान असा तो वास. पण पाला जास्त उतरला तर शिजवलेल्या पालेभाजीचा वास येतो आणि घशाशी तुरट कोरड पडते. तेव्हा ओली असूनही ती बिअर फसलेलीच म्हणायची.

शब्दाचाही घोळ आहे. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा या ब्रुअरीने १९९६ मध्ये अमेरिकेतल्याच वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यातून ओली फुलं आणून ‘हार्वेस्ट एल’ ही बिअर काढली. पुढे त्यांनी न वाळवलेल्या फुलांना ‘वेट हॉप’ आणि नुकत्याच वाळवलेल्यांना ‘फ्रेश हॉप’ असे वेगळे शब्द वापरले. हॉपला उन्हाळ्यातले लांबलचक दिवस लागतात. तिची शेती मुख्यतः ३५ ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यात होते आणि नागपूर आहे २१ वर. तोडणी उत्तर गोलार्धात ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात. तेव्हा आपल्याकडे बारमाही ‘फ्रेश हॉप’ची पाटी दिसली तर जरूर विचारा: फुलं कुठली, खुडली कधी, ओली की वाळवलेली?

गढूळपणा प्रथिनांमुळे येतो, यीस्टमुळे येतो, गहू-ओट्समुळेही येतो. नितळ फ्रेश हॉप बिअरही असतात. दिसण्याला ५० पैकी गुण तीनच.

बर्फगार पिण्याची ओढ मला कळते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा दुसरं काही सुचत नाही. पण फार थंड बिअरचा वास बाहेर येतच नाही, आणि इथे तर सगळा खेळ वासाचा. ७ ते १० अंश पुरे. हिवाळ्यात फ्रिजबाहेर दहा-पंधरा मिनिटं ठेवा, उन्हाळ्यात पाचेक. ग्लास स्वच्छ घ्या, तो अर्धाच भरा आणि घोट घेण्याआधी दोन-तीनदा हुंगा. सावजी रस्सा नंतर. जीभ आधीच पेटली असेल तर तुरटपणा कुठला आणि तिखट कुठलं, हे सांगता येत नाही.

उरलं मुरवणं. मागच्या दिवाळीत भाच्याने सिॲटलहून एकाच खोक्यातले दोन कॅन आणले, तळाशी सप्टेंबरची तारीख. एक फ्रिजमध्ये ठेवून त्याच आठवड्यात उघडला. खोलीभर हिरवा वास पसरला, बहिणीला स्वयंपाकघरातून कळला. दुसरा मी मुद्दाम लाकडी कपाटात ठेवून मे महिन्यात उघडला. गवत नाही, काकडी नाही. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आणि जड, मधासारखी गोडी. कडूपणा मात्र जवळपास पहिल्याइतकाच होता.