सर, मुलांपासून सावध राहा

मुलांच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झालात, अभिनंदन. खेळाने चारित्र्य घडतं ते मुलांचं, हे आधी ध्यानात घ्या. तुमचं केव्हाच घडून झालंय. पालकांच्या पहिल्या बैठकीत हे वाक्य ठणकावून सांगा, टाळ्या हमखास. पुढे वर्षभर त्याचं काम पडत नाही.

संघ निवडताना थोराड पोरं उचला. वयोगट १ जानेवारीपासून मोजत असतील, तर जानेवारीत जन्मलेला पोरगा त्याच वर्षीच्या डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षभराने मोठा असतो. दहाव्या वर्षी एवढा फरक भरपूर झाला. निवड करणारे ज्याला गुणवत्ता समजतात ती पुष्कळदा नुसती जन्मतारीख असते, असं संशोधक कॅनडातल्या आइस हॉकीचे आकडे दाखवत १९८० च्या दशकापासून सांगताहेत. सांगू देत. तुम्ही त्याला 'पारखी नजर' म्हणा.

नॉर्वेचं तर नावही काढू नका. लहान मुलांच्या खेळासाठी तिथे १९८७ पासून वेगळे नियम आहेत. मुलं अकरा वर्षांची होत नाहीत तोवर गुणतक्ता नाही, क्रमवारी नाही. अशाने जिंकायची भूक मरते. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांनी सगळ्यांत जास्त, ३९ पदकं नेली, ती थंडीमुळे.

खरा धोका मैदानात आहे. बरोबरी चाललीय, मिनिटभर उरलंय, चेंडू गोलरेषेबाहेर गेलाय. पंच आपल्या बाजूने गोल किक देतात, म्हणजे चेंडू आपल्याकडे. आणि तुमचा बचावपटू, मोजे घोट्यावर आलेले, हात वर करून म्हणतो, "सर, माझ्या पायाला लागून गेला." झालं, चेंडू समोरच्यांना, कोपऱ्यातून कॉर्नर किक. त्यावर गोल. पलीकडचे पालक तुमच्या पोरासाठी टाळ्या वाजवताहेत, तोही लाजून हसतोय. इथे चुकूनही विरघळू नका. त्याला बाजूला घ्या, खांद्यावर हात ठेवा आणि समजवा, की प्रामाणिकपणा चांगलाच, पण विचारल्याशिवाय बोलू नये. मोठेपणी नोकरीत उपयोगी पडेल.

पंचांवर मात्र मनसोक्त ओरडा. लहान गटात शिट्टी बरेचदा सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हातात असते. त्याचंही चारित्र्य घडायला हवं ना! (समोर धिप्पाड गृहस्थ असतील तर मतभेद मनात ठेवावेत.)

राखीव खेळाडूला सामना ६-० झाल्यावर शेवटच्या दोन मिनिटांत उतरवा. याला 'सर्वांना समान संधी' म्हणतात.

आणि हरल्यावर? पाच मिनिटांत पोरं पाण्याच्या बाटल्या एकमेकांवर उडवत असतात, हरवणाऱ्या संघाशी पकडापकडी खेळत असतात. पराभव कळलेलाच नसतो त्यांना. सगळ्यांना रांगेत बसवा आणि कळेपर्यंत बोला. एखादी पोरगी मध्येच विचारेल, "सर, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

तिला पुढच्या सामन्यात राखीव ठेवा.